पाणी मुरवा म्हणणारे जोतीराव आणि तहानलेला दिघा

एप्रिल हा आमच्या जयंत्यांचा महिना. ११ तारखेला राष्ट्रपिता जोतीराव, १४ तारखेला बाबासाहेब. आणि हाच महिना हंड्यांच्या रांगांचाही! दिघ्याच्या डोंगरउतारावरील कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत एकीकडे मंडप उभा राहतो, तर दुसरीकडे आमच्या माताभगिनी पाण्याची वाट पाहत असतात. मंडपात जोतीरावांच्या शाळांविषयी भाषणे होतात, आणि ती व्हायलाच हवीत. पण जोतीरावांच्या पाण्याविषयी कोणी बोलत नाही. म्हणून आज आम्ही त्यावर लिहीत आहोत.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा, माळ्याच्या घरातला. पाणी आटले की मळा वाळतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे बांधकामाची ठेकेदारी केली, खडकवासला धरणाच्या कामाला साहित्य पुरवले, मांजरीला स्वतः शेती केली. धरण आणि शेत ही दोन्ही टोके त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

१८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ज्या पुण्यात अस्पृश्यांची सावलीही चालत नव्हती, त्या पुण्यात! घरात पाणी असणे आणि ते सर्वांचे करणे यांतील अंतर त्यांनी स्वतःच्या अंगणात मिटवले. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात जनावरे मेली, माणसे देशोधडीला लागली. तेव्हा सत्यशोधकांनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी आश्रम चालवला.

पण जोतीराव अन्नदानावर थांबले नाहीत. दुष्काळाचे मूळ त्यांनी शोधले. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी सरकारपुढे उपाय मांडले. लष्कर आणि पोलिसांतील रिकाम्या मनुष्यबळाकडून जागोजाग बंधारे बांधून घ्यावेत. पावसाचे पाणी आधी शेतात मुरावे, मगच ओढ्यानदीला जावे. डोंगरदऱ्यांत तळी बांधावीत. पाणाड्यांकडून जमिनी तपासून झऱ्यांच्या जागा नकाशावर नोंदवाव्यात, आणि स्वखर्चाने विहीर पाडणाऱ्याला बक्षीस द्यावे. आज शास्त्रज्ञ ज्याला भूजल पुनर्भरण आणि पाणलोट विकास म्हणतात, त्याचाच हा आराखडा नव्हे काय? महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या बसाल्ट खडकाचा. या खडकात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. म्हणून वाहते पाणी अडवून मुरायला वेळ द्यावाच लागतो.

आता दिघ्याकडे पाहा. पारसिकच्या डोंगरात इलठणपाड्याला ब्रिटिश काळात रेल्वेसाठी बांधलेले धरण आहे. वाफेच्या इंजिनांना पाणी लागत होते, म्हणून साहेबाने डोंगराचे पाणी अडवले. ती इंजिने गेली, पण पायथ्याची माणसे तहानलेलीच! वरचा पाऊस सिमेंटच्या रस्त्यांवरून आणि नाल्यांतून काही तासांत ठाणे खाडीला मिळतो. मग उन्हाळ्यात टँकर लागतो.

हा पाऊस उतारावर समतल चरांनी आणि छोट्या बंधाऱ्यांनी थोपवता येतो. छतावरचे पाणी गाळून शोषखड्ड्यात सोडता येते. मात्र शेजारी कारखाने आहेत, तेव्हा दूषित पाणी जमिनीत जाऊ न देण्याची खबरदारी हवीच. खाडीलगत बेसुमार उपसा केला तर विहिरी खारावतात, हेही ध्यानात ठेवावे लागेल.

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. १९४२ ते १९४६ या काळात तेच बाबासाहेब केंद्रात मंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घालत होते. गुरूने हौद खुला केला आणि बंधारे सुचवले. शिष्याने तळे खुले केले आणि नद्यांचे नियोजन केले. पाण्यावरचा हक्क आणि पाण्याचे शास्त्र या दोघांनी कधी वेगळे मानले नाही.

आम्हीच ते वेगळे केले. हक्कासाठी मोर्चा काढतो, पण पाऊस खाडीला जाताना बघत बसतो. पुढच्या जयंतीला मंडपाच्या वर्गणीतून प्रत्येक वस्तीने निदान एक शोषखड्डा खणावा, आणि डोंगरावरचे पाणी पायथ्याच्या माणसाला मिळावे म्हणून महापालिकेला जाब विचारावा. जोतीरावांना अभिवादन याहून वेगळे कोणते असणार?