विदुषी कमलाबाई सोहोनी

कॅनॉट प्लेसलगतच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयावरून आपण दिल्लीकर मराठी मंडळी नित्य जात-येत असतो. तेथील जीवरसायनशास्त्र विभाग प्रथम ज्यांच्या हाती सोपविला गेला, त्या डॉ. कमलाबाई सोहोनी या पूर्वाश्रमीच्या भागवत, म्हणजे दुर्गाबाईंच्या धाकट्या भगिनी, हे थोड्यांसच ठाऊक असेल.

वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आलेल्या कमलाबाईंनी तेथेच अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाईंनी बंगळूर गाठून जाब विचारला, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम, आणि पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये! वर्षभरात रामन यांचे मत पालटले व स्त्रियांस दार उघडले. ही कथा सर्वत्र सांगितली जाते; शेवट गोड असल्याने सांगणारे बहुधा तेथेच थांबतात. आम्हांस पुढील भाग अधिक बोचतो.

केंब्रिज येथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी त्यांनी शोधून काढले. १९३९ साली अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर डॉक्टरेट मिळवून त्या स्वदेशी परतल्या व दिल्लीत विभागप्रमुख झाल्या. पुढे कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक होत्या. तेथे वरच्या जागेसाठी डावलले गेल्यावर त्यांनी ते काम सोडले. १९४७ साली विवाहानंतर मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्या प्राध्यापक झाल्या. कडधान्ये, तांदूळ व नीरा यांतील पोषणमूल्यांवर तेथे मोठे काम झाले, नीरेवरील संशोधनास राष्ट्रपतींचे पारितोषिकही मिळाले. तरीही संचालकपद चार वर्षे लांबले.

लेखी नकाराविरुद्ध दाद मागता येते. डावलणे मात्र कागदावर उमटत नाही. आमची हयात फायलींत गेली, म्हणून हे ठामपणे लिहितो. कमलाबाई रामन यांच्यासमोर उभ्या राहू शकल्या, कारण नकार देणारा समोर होता. पुढील अडथळ्यांस चेहराच नव्हता.

निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजिला, तोही याच दिल्लीत. समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत त्यांचे निधन झाले.