टीव्हीचे जनक : जॉन लोगी बेअर्ड



यंदा पावसाळ्यात मला फार दम लागायचा. म्हणून मी बरेच दिवस शाळेत आले नाही. घरी पडून पडून कंटाळा आला. तेव्हा बाईंनी दादाबरोबर शास्त्रज्ञांच्या गोष्टींचे पुस्तक पाठवले आणि सांगितले की, यातल्या एकाची माहिती भित्तिपत्रकासाठी लिही. मी जॉन लोगी बेअर्ड यांना निवडले. का निवडले ते शेवटी सांगते.

बेअर्ड यांचा जन्म ऑगस्ट १८८८ मध्ये स्कॉटलंडमधील हेलन्सबरा या गावी झाला. हे गाव खाडीकाठी आहे, आपल्या रत्नागिरीकडे असतात तसे. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. चार भावंडांत जॉन सर्वांत धाकटे. अगदी लहान असताना ते खूप आजारी पडले आणि तेव्हापासून त्यांची तब्येत जन्मभर नाजूकच राहिली. जरा गारठा झाला की सर्दी आणि अंथरूण. पण डोके काही स्वस्थ बसत नसे. त्यांनी आपल्या घरापासून मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून टेलिफोन केला होता. एकदा वादळात तार खाली आली आणि घोडागाडीवाला तिच्यात अडकून पडला असे सांगतात. मग तो टेलिफोन बंद पडला. हे वाचून मला खूप हसू आलं.

पुढे ते ग्लासगो शहरात विजेचे शिक्षण शिकले. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते सैन्यात भरती व्हायला गेले, पण तब्येत बघून त्यांना परत पाठवले. नंतर त्यांनी खूप धंदे केले. त्यांचे पाय नेहमी गार पडायचे, म्हणून त्यांनी पाय गरम राहतील असे मोजे काढून विकले. मग दूर त्रिनिदाद बेटावर जाऊन फळांचा मुरंबा करू लागले. पण साखरेच्या वासाने किडे आले आणि कढईत पडले! तो धंदाही बुडाला. मग लंडनला येऊन साबण विकला. तिथे पुन्हा आजारी पडले.

१९२३ साली हवापालटासाठी ते हेस्टिंग्ज या समुद्राकाठच्या गावी राहायला गेले. हातात पैसे नाहीत, अंगात ताकद नाही. तिथेच त्यांनी ठरवले की, लांबचे चित्र दाखवणारे यंत्र करायचे. रेडिओवर आवाज ऐकू येत होता, मग चित्र का दिसू नये?

त्यांनी सामान काय घेतले ते ऐका. चहाची रिकामी पेटी, बिस्किटाचा डबा, टोपीच्या खोक्याचा पुठ्ठा, सायकलच्या दिव्याची भिंगे, रफू करायच्या सुया, लाख आणि सुतळी. ते इकडे असते तर त्यांनी आंब्याची पेटी घेतली असती, असं मला वाटतं.

आता यंत्र कसे चालायचे ते सांगते. जर्मनीच्या पॉल निपको यांनी १८८४ मध्ये एका चकतीची कल्पना काढली होती. चकतीवर गोगलगाईच्या शंखासारखी, आत आत जाणारी भोके असतात. चकती फिरली की एकेक भोक समोरच्या चित्राची एकेक रेघ बघते. जिथे उजेड जास्त तिथे वीज जास्त, जिथे काळोख तिथे कमी. ती वीज तारेतून दुसरीकडे जाते. तिथे तसाच दिवा कमीजास्त होतो आणि त्याच्यापुढे तशीच चकती फिरते. ती इतकी भरभर फिरते की आपल्या डोळ्यांना रेघा सुट्या दिसत नाहीत, सगळे चित्र एकदम दिसते.

मी घरी पुठ्ठ्याची चकती करून बघितली. दादाने खिळ्याने भोके पाडून दिली. हळू फिरवली तर नुसते तुकडे दिसले. जोरात फिरवली तेव्हा समोरची खिडकी पुसट पुसट, पण अख्खी दिसली. मी एवढी ओरडले की आजी चुलीपाशी होती ती पळत आली.

१९२४ मध्ये बेअर्ड यांना विजेचा जोराचा धक्का बसला आणि हात भाजला. घरमालकाने त्यांना जागा सोडायला लावली. मग ते लंडनमध्ये एका माडीवरच्या खोलीत राहिले. तिथे ते एका बाहुल्याचे तोंड यंत्रापुढे ठेवून प्रयोग करत. आधी नुसती सावलीच दिसायची. २ ऑक्टोबर १९२५ रोजी बाहुल्याचे नाक, डोळे स्पष्ट दिसले! ते धावत खाली गेले आणि ऑफिसातल्या विल्यम टेन्टन नावाच्या पोऱ्याला वर घेऊन आले. दिवे इतके कडक तापलेले होते की तो घाबरून मागे सरला आणि पडद्यावर काहीच आले नाही. मग बेअर्ड यांनी त्याला थोडे पैसे देऊन परत बसवले. टीव्हीवर दिसलेला तो पहिला माणूस. पुढे २६ जानेवारी १९२६ रोजी त्यांनी मोठमोठ्या शास्त्रज्ञांना बोलावून आपले यंत्र दाखवले.

२ ऑक्टोबर म्हणजे आपली गांधी जयंती आणि २६ जानेवारी म्हणजे झेंडावंदन. म्हणून या तारखा मला लगेच पाठ झाल्या. आणखी एक गंमत म्हणजे आपल्या मुंबईचे दूरदर्शन केंद्रसुद्धा २ ऑक्टोबरलाच, १९७२ साली सुरू झाले.

१९३० साली बेअर्ड यांचा टेलिव्हायझर दुकानात आला. घरात ठेवायचा हा पहिला टीव्ही. तो रेडिओला जोडावा लागे. चित्र फक्त ३० रेघांचे, पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि लालसर. पुढे भिंग लावले म्हणजे जरा मोठे दिसे. किंमत २५ गिनी होती. कामगारांना ती परवडणारी नव्हती, कारण त्यांचा अनेक आठवड्यांचा पगार तेवढा व्हायचा. म्हणून सुटे भागही स्वस्तात मिळत, ते घरी आणून आपण जोडायचे. असे सुमारे एक हजार टीव्ही विकले गेले.

पुढची गोष्ट वाचून मला वाईट वाटले. १९३६ मध्ये लंडनला टीव्हीचे रोजचे कार्यक्रम सुरू झाले. तेव्हा बेअर्ड यांची पद्धत आणि दुसऱ्या एका कंपनीची पद्धत आळीपाळीने चालवून बघितली. बेअर्ड यांचे चित्र २४० रेघांचे, दुसरे ४०५ रेघांचे, म्हणजे जास्त स्वच्छ. त्याच नोव्हेंबरात त्यांच्या प्रयोगशाळेला मोठी आग लागली आणि सामान जळून गेले. १९३७ च्या फेब्रुवारीत त्यांची पद्धत बंद केली. तरी ते थांबले नाहीत. घरी बसून त्यांनी रंगीत टीव्हीवर काम केले आणि १९४४ मध्ये तो करून दाखवला.

महायुद्धात बंद असलेला टीव्ही ७ जून १९४६ ला परत सुरू झाला. त्यानंतर सातच दिवसांनी, १४ जूनला, बेअर्ड वारले.

आताच्या टीव्हीत त्यांची चकती नसते. म्हणून मी बाईंना विचारले की, मग ते हरले का? बाई म्हणाल्या की, तूच विचार करून लिही. मी खूप विचार केला. आजी सांगते की, आमच्या वाडीत पहिला टीव्ही आला तेव्हा अख्खी वाडी एका खळ्यात बसून बघायची. बेअर्ड यांनी आधी चित्र दिसू शकते हे दाखवले, म्हणून तर दुसऱ्यांनी ते जास्त चांगले केले. म्हणून मला वाटते की ते हरले नाहीत.

आता मी त्यांना का निवडले ते सांगते. मला धावता येत नाही, खो-खोत मला कोणी घेत नाही. मी कट्ट्यावर बसून चपला सांभाळते. बेअर्डसुद्धा आजारीच असायचे, पण पडल्या पडल्या त्यांनी एवढे मोठे काम केले. आता मी आजारी असले तरी नुसती रडत बसत नाही.

अशा या थोर शास्त्रज्ञाला माझे वंदन. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मी माझी चकती शाळेत आणून दाखवणार आहे. बाईंनी हो म्हटलंय. सगळ्यांनी बघायला या.

इयत्ता चौथी