दगडांच्या खोऱ्यांतील शाळा

खेड्यांत शाळा घालणें फारसें कठीण नाहीं. ती गांवाची करणें कठीण आहे. पाळक किंवा उपदेशक मोठ्या हौसेनें शाळा उघडतो, परंतु आईबाप मुलांस गुरांमागें धाडतात, छप्पर गळूं लागलें तर तें शाकारण्याचें काम पाळकाचें असें समजतात, आणि मास्तर निघून गेले कीं शाळेच्या दाराला कडी लागते. गांवाच्या दृष्टीनें ती परक्याची वस्तु असते. ज्या सेवकांस हें दुःख ठाऊक आहे त्यांच्या उपयोगासाठीं आम्ही आज पाळक जॉन फ्रेडरिक ओबर्लिन यांचें चरित्र सांगत आहों. हे साहेब फ्रान्स देशांतील एका दरिद्री डोंगरी खोऱ्यांत एकोणसाठ वर्षें पाळक होते, आणि त्यांच्या पांच खेड्यांतील शाळांची कीर्ति पुढें दूरदूरच्या देशांत पसरली.

ओबर्लिन यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजीं आल्सेस प्रांतांतील स्ट्रासबर्ग शहरीं झाला. वडील तेथील विद्यालयांत शिक्षक होते. घरांत मुलें पुष्कळ व मिळकत बेताची, म्हणून काटकसरीचा धडा त्यांस लहानपणींच मिळाला. स्ट्रासबर्गच्या विश्वविद्यालयांत त्यांनीं ईश्वरविद्येचा अभ्यास केला. तो संपल्यावरही त्यांनीं सुखाची जागा शोधली नाहीं. १७६७ सालीं पाळक स्टूबर त्यांस भेटावयास गेले, तेव्हां ते एका माळ्यावरच्या खोलींत राहत होते. बिछान्याला कागदाचे पडदे होते, आणि दिव्यावर टांगलेल्या एका लोखंडी भांड्यांत पाव व पाणी शिजवून ते रात्रीचें जेवण करीत. स्टूबर यांस असाच मनुष्य पाहिजे होता. ओबर्लिन त्या वेळीं एका फ्रेंच पलटणीचे धर्मगुरु होण्याच्या तयारींत होते; परंतु स्टूबर यांच्या खोऱ्याची हकीकत ऐकून त्यांनीं तो बेत सोडला.

तें खोरें व्होज नांवाच्या डोंगरांत आहे. त्याचें फ्रेंच नांव बान द ला रॉश. जर्मन भाषेंत त्यास श्टाइनथाल, म्हणजे दगडांचें खोरें, म्हणतात. हिवाळा लांब, जमीन पातळ व खडकाळ, आणि तीस वर्षांच्या युद्धानें (१६१८ ते १६४८) केलेली नासाडी शंभर वर्षांनींही पुरती भरून निघाली नव्हती. वाल्डर्सबाख, फूदे, बेलमों, बेलफोस व सोलबाख हीं पांच खेडीं मिळून एका पाळकाची मंडळी होती. लोकांची बोली बाहेरच्यांस समजत नसे. बाहेर जाण्यास धड रस्ता नव्हता, व बर्फ पडला म्हणजे खोऱ्याचा जगाशीं संबंधच तुटे.

ओबर्लिन यांच्यापूर्वीं तेथें स्टूबर यांनीं पुष्कळ कष्ट केले होते. ते १७५० सालीं प्रथम आले व शाळा पाहण्यास गेले, तों एका झोपडींत पोरांचा गोंगाट चालला होता आणि कोपऱ्यांत एक म्हातारा बिछान्यावर पडून होता. तोच शाळामास्तर. चौकशी करतां कळलें कीं तो पूर्वीं गांवचीं डुकरें राखीत असे. त्या कामास तो थकला, म्हणून गांवानें त्याला मुलें राखावयास दिलीं. तो कांहींच शिकवीत नसे, कारण त्याला स्वतःलाच कांहीं येत नव्हतें. स्टूबर यांनीं बरे शिक्षक शोधले, पण मास्तरकी म्हणजे हलकें काम असें समजून चांगल्या घरचा कोणी पुढें येईना. तेव्हां त्यांनीं त्या पदाला एक नवें मानाचें नांव दिलें, आणि मग तरुण आनंदानें आले. त्यांनीं वाचन शिकण्यासाठीं पुस्तक छापविलें, तर त्यांतील सुटीं सुटीं अक्षरें पाहून आईबापांस वाटलें कीं हा कांहीं जादूटोणा असावा. पुढें मुलें सरळ वाचूं लागलीं, तेव्हां मोठ्या माणसांस आपल्या अज्ञानाची लाज वाटली व तींही फावल्या वेळीं शिकावयास येऊं लागलीं. विद्येचें फळ घरांत दिसलें तेव्हां भीति गेली. ही गोष्ट ओबर्लिन यांनीं चांगली ध्यानांत ठेविली.

१७६७ सालीं ते वाल्डर्सबाख येथें राहावयास आले. त्यांचें स्वागत गोड झालें नाहीं. नव्या पाळकाच्या सुधारणा ज्यांस नको होत्या त्यांनीं त्यांस वाटेंत गांठून मार देण्याचा कट केला. ओबर्लिन यांस तो कळला. ठरलेल्या रविवारीं त्यांनीं, वाइटाचा सूड घेऊं नये, ह्या प्रभूच्या शिकवणीवर प्रवचन केलें. आणि उपासना संपल्यावर कट करणारे ज्या घरीं जमले होते तेथें ते एकटेच चालत गेले. दबा धरून बसण्याचें नीच काम तुम्हांस करावें लागूं नये म्हणून मी आपण होऊन आलों आहें, असें त्यांनीं त्या लोकांस शांतपणें सांगितलें. लोक वरमले व त्यांनीं क्षमा मागितली.

परंतु मारण्याचें सोडणें निराळें व मदत करणें निराळें. वाल्डर्सबाखची शाळा कच्च्या लांकडांच्या ओंडक्यांची होती व ती मोडकळीस आली होती. ओबर्लिन यांनीं पक्की इमारत बांधण्याचें मनांत आणिलें, तर गांव आडवा आला. दुरुस्तीचा बोजा पुढें आपल्या डोक्यावर बसेल ही लोकांची भीति. शेवटीं बांधणीसाठीं किंवा डागडुजीसाठीं गांवच्या पैशांस हात लावणार नाहीं असें वचन त्यांस द्यावें लागलें, तेव्हां कोठें गांव राजी झाला. स्ट्रासबर्गच्या मित्रांनीं कांहीं पैसे दिले. बाकीची जबाबदारी त्यांनीं स्वतःवर घेतली. स्वतःची मिळकत तुटपुंजी असतां हें धाडस त्यांनीं देवावर भरंवसा ठेवून केलें. शाळा उभी राहिली, पण ती अद्याप पाळकांची शाळा होती. पुढें कांहीं वर्षांत राहिलेल्या चार खेड्यांतही शाळेच्या इमारती झाल्या, आणि त्या वेळीं तेच लोक आपण होऊन कामास लागले. हा पालट कसा झाला हें वाचकांनीं नीट पाहावें.

पहिली गोष्ट रस्त्याची. खोऱ्यांतील माल स्ट्रासबर्गच्या बाजारीं नेण्यास वाट नव्हती, म्हणून पिकलें तरी विकत नसे. ओबर्लिन यांनीं सर्व लोकांस बोलावून सुचविलें कीं आपण स्वतः खडक फोडून मोठ्या रस्त्यापर्यंत वाट काढूं व ब्रूश नदीवर पूल बांधूं. लोकांस तें वेड्याचें बोलणें वाटलें, आणि ज्यानें त्यानें आपली अडचण पुढें केली. ओबर्लिन यांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं खांद्यावर कुदळ टाकली, एका विश्वासू माणसास बरोबर घेतलें व कामास आरंभ केला. कांटे लागून हात फाटले तरी ते थांबले नाहींत. पाळक उन्हांत दगड फोडतो आणि आपण दारांत बसून पाहतों ह्याची लोकांस शरम वाटली. एकामागून एक सर्व येऊन मिळाले. रस्ता झाला, आणि नदीवर पूल झाला. त्या पुलाला प्रीतीचा पूल असें नांव पडलें.

दुसरी गोष्ट भाकरीची. खोऱ्यांतील लोक मुख्यतः बटाट्यावर जगत, पण बियाणें निकस होऊन पीक घटत चाललें होतें. ओबर्लिन यांनीं बाहेरून चांगलें बियाणें आणविलें, जवसाची व चाऱ्याच्या गवताची लागवड सुरू केली, खत कसें सांठवावें हें दाखविलें. परंतु शहरांत वाढलेल्या मनुष्यानें शेतकी शिकवावी हें शेतकऱ्यांस कसें रुचावें? म्हणून ते बोलले थोडें. पाळकांच्या घरच्या ज्या दोन बागांतून लोकांची पायवाट जात असे तेथेंच त्यांनीं चर खणून, खत घालून फळझाडें लाविलीं. येतां जातां लोकांनीं तीं वाढतांना पाहिलीं. मग तेच विचारूं लागले, आणि ओबर्लिन त्यांस कलमें बांधावयास शिकवूं लागले. अवजारें मिळत नसत, म्हणून त्यांनीं अवजारांचें दुकान घातलें व माल मूळ किंमतीनें उधार दिला. गरजूंसाठीं कर्जाऊ रकमेचा फंड काढला. खोऱ्यांत गवंडी, लोहार, गाडे करणारा असे कोणी नव्हते, म्हणून हुशार मुलगे निवडून त्यांस शहरांत धंदे शिकण्यास पाठविलें. ते परत येऊन गांवांतच काम करूं लागले.

शाळेंतही हेंच धोरण होतें. मुलें बायबल, वाचन, लेखन व हिशेब शिकत. त्याबरोबर आपल्याच डोंगरांतील झाडपाला ओळखणें, शेतीचे नियम, आणि भूगोल हेही शिकत. भूगोलाचा आरंभ स्वतःच्या गांवापासून होत असे. दृढीकरणासाठीं येणाऱ्या प्रत्येक मुलाला, आपण दोन झाडें लाविलीं आहेत, असा दाखला आणावा लागे. शाळेचीं पुस्तकें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं फिरत, व अशा रीतीनें तीं घरोघरीं वाचलीं जात. मुलानें शाळेंत जें मिळविलें तें संध्याकाळीं घरच्या चुलीपाशीं व सकाळीं शेताच्या बांधावर उपयोगीं पडूं लागलें, तेव्हां शाळा म्हणजे पाळकांचा छंद असें कोण म्हणणार?

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. बेलमों गांवीं सारा बांझे नांवाची एक तरुण मुलगी होती. तिनें १७६७ च्या सुमारास शेजारच्या लहान मुलांस आपल्या घरीं जमवून विणकाम शिकविण्यास आरंभ केला होता. तिला हें कोणी सांगितलें नव्हतें. तिच्या बापास मात्र हा वेळेचा अपव्यय वाटला व तो तिला मना करूं लागला. ओबर्लिन यांस हें कळलें तेव्हां त्यांनीं बापाची समजूत घातली, व साराला पगार देऊन त्याच कामावर नेमिलें. आईबाप शेतावर गेल्यावर जीं बालकें रस्त्यावर भटकत, त्यांच्यासाठीं हळूहळू दुसऱ्या खेड्यांतही अशा शाळा निघाल्या. हिवाळ्यांत शेकोटीची एक उबदार खोली असे. तेथें गांवच्याच स्त्रिया मुलांस विणकाम, पवित्र शास्त्रांतील गोष्टी, फुलांचीं व झाडांचीं नांवें, आणि शुद्ध फ्रेंच बोलणें शिकवीत. ओबर्लिन यांच्या पत्नी मादलेन सालोमे ह्या कामांत मनापासून झटत. सारा १७७४ सालीं, तिशी गांठण्यापूर्वींच, देवाघरीं गेली. परंतु युरोपांतील बालशाळांचा इतिहास सांगतांना तिच्या त्या खोलीचें नांव प्रथम घेणाऱ्यांत येतें.

तिचें काम पुढें चालविणाऱ्यांत बेलफोसची लुईझ शेपलर ही शेतकऱ्याची मुलगी प्रमुख होती. ती पंधरा वर्षांची असतां पाळकांच्या घरीं कामास आली. १७८३ सालीं ओबर्लिन यांच्या पत्नी वारल्या, व मागें सात मुलें राहिलीं. तेव्हां लुईझनें घर सांभाळलें, पुढें पगार घेण्याचें नाकारलें, आणि आपणांस नोकर न मानतां लेक मानावें एवढेंच मागितलें. घरचें काम उरकून ती बर्फांतून गांवोगांवच्या बालशाळांकडे जात असे. १८२९ सालीं फ्रान्सच्या थोर विद्वानांच्या अकादमीनें तिला सद्गुणाचें मोठें पारितोषिक दिलें. ज्या खोऱ्यानें एकदां डुकरें राखणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातीं मुलें सोपविलीं होतीं, त्याच खोऱ्यानें अशी शिक्षिका दिली.

शाळा व मंडळी यांची कसोटी राज्यक्रांतीच्या काळीं लागली. फ्रान्सभर देवळें बंद झालीं. खोऱ्यांतही उघड उपासना करतां येईना, तरी लोक पाळकांस सोडून गेले नाहींत. सभा म्हणून जमत व त्यांचें बोलणें ऐकत. १७९४ सालीं ओबर्लिन यांस पकडून नेण्यांत आलें, पण राज्यसत्ता पालटल्यामुळें लवकरच त्यांची सुटका झाली. त्याच वर्षीं राष्ट्रीय सभेनें त्यांच्या शिक्षणकार्याची वाखाणणीही केली.

उतारवयांत त्यांस पेरलेल्याचें पीक पाहावयास मिळालें. लग्रां नांवाच्या एका धार्मिक घराण्यानें आपला फिती विणण्याचा धंदा ह्या खोऱ्यांत आणिला, व लोकांस घरबसल्या काम मिळालें. जंगलाच्या हक्कांवरून लोकांचा जमीनमालकांशीं पिढ्यान्‌पिढ्या चाललेला खटला त्यांच्या समजावणीनें १८१३ सालीं तडजोडीनें मिटला. १८१८ सालीं शेतकी मंडळाचें सुवर्णपदक व १८१९ सालीं सरकारचा मानाचा क्रूस त्यांस मिळाला. १ जून १८२६ रोजीं, वयाच्या शह्यायशीव्या वर्षीं, ते प्रभूमध्यें निजले. फूदे येथील स्मशानभूमींत त्यांस पुरलें, तेव्हां पांचही गांवांचे लोक लोटले, आणि आसपासच्या रोमन कॅथलिक स्त्रियांनींही गुडघे टेकून प्रार्थना केली. पुढें १८३३ सालीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत स्थापन झालेल्या एका प्रसिद्ध विद्यालयास त्यांचेंच नांव देण्यांत आलें.

वाचकहो, ह्या चरित्रांतून आपण काय घ्यावें? ओबर्लिन यांजपाशीं धन नव्हतें व अधिकारही नव्हता. त्यांनीं गांवाला शाळेवर प्रेम करण्याची आज्ञा केली नाहीं. गांवाची वाट, गांवाचें शेत व गांवाचीं तान्हीं मुलें यांची काळजी त्यांनीं प्रथम वाहिली, आणि गांव शाळेची काळजी वाहूं लागला. ज्या उपदेशकांस आपल्या शाळेविषयीं निराशा वाटते त्यांनीं येत्या आठवड्यांत दोन गोष्टी कराव्या. एक, मुलांनीं जें शिकलें आहे तें त्यांच्या घरीं जाऊन आईबापांपुढें वाचून दाखवावयास लावावें. दुसरी, कोणी न सांगतां शेजारच्या मुलांस जवळ घेऊन बसणारी एखादी सारा आपल्या गांवांत आहे कीं काय हें पाहावें. असल्यास तिच्या बापाशीं बोलावें. मंडळींतील भावाबहिणींनींही शाळेचें छप्पर गळत असेल तर पाळकांची वाट न पाहतां शिडी लावावी. ज्या प्रभूनें बालकांस आपणाजवळ बोलाविलें तो आपल्या खेड्यांतील शाळांस असे हात देवो, हीच आमची प्रार्थना.