हेर्मान पोतोच्निक: १९२८ सालचं स्पेस स्टेशन आणि माझं ऑर्बिटर अ‍ॅड-ऑन

छतावरची टीव्हीची डिश एकदा नीट बघा. आमच्या पाचगणीत ती दक्षिणेकडे तोंड करून, जराशी पूर्वेला झुकलेली असते. बसवणारा एकदा दिशा लावून स्क्रू आवळतो आणि जातो. पुन्हा हलवावी लागत नाही, कारण तिचा उपग्रह आकाशात एकाच जागी दिसतो. पृथ्वी स्वतःभोवती जेवढ्या वेळात फिरते, तेवढ्याच वेळात तोही एक फेरी मारतो. हिला भूस्थिर कक्षा म्हणतात.

अशा कक्षेत माणसं राहतील असं स्पेस स्टेशन एका माणसाने १९२८ साली कागदावर उतरवलं होतं, आकृत्या आणि आकड्यांसकट. त्यांचं नाव हेर्मान पोतोच्निक. गेले काही महिने मी तेच स्टेशन ऑर्बिटरसाठी अ‍ॅड-ऑन म्हणून बनवतोय. मापं शोधताना त्यांचं आयुष्यही वाचत गेलो. ते आज तुम्हाला सांगतो.

आधी ऑर्बिटर म्हणजे काय, ते थोडक्यात. मोबाइलवर 'स्पेसफ्लाइट सिम्युलेटर' खेळला असाल, तर कक्षा आणि डॉकिंग हे शब्द ओळखीचे असतील. ऑर्बिटरमध्ये तेच सगळं तीन मितींत आणि ग्रहांच्या खऱ्या मापात आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मार्टिन श्वाइगर यांनी तो २००० साली आणला. विंडोजवर चालतो, फुकट आहे आणि २०२१ पासून त्याचा सोर्स कोडही खुला आहे.

रेल्वे, युद्ध आणि क्षय

पोतोच्निक यांचा जन्म २२ डिसेंबर १८९२ चा, पुला या बंदरातला. आज ते क्रोएशियात आहे, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीचं आरमारी ठाणं होतं. घर स्लोव्हेनियन. वडील आरमारात डॉक्टर होते, पण हेर्मान लहान असतानाच वारले. आई मुलांना घेऊन मारिबोरला गेली. पुढे मुलगा लष्करी शाळांत शिकला आणि व्हिएन्नाजवळच्या लष्करी तंत्र अकादमीतून अधिकारी होऊन बाहेर पडला. त्यांचा विषय होता रेल्वे आणि पूल. पहिल्या महायुद्धात तेच काम केलं.

युद्धातून ते क्षय घेऊन आले. १९१९ साली कॅप्टनच्या हुद्द्यावर निवृत्ती मिळाली, तेव्हा वय होतं फक्त २६.

पाचगणीच्या माणसाला क्षय म्हणजे काय, ते वेगळं सांगावं लागत नाही. इथे १९१२ पासून डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांचं बेल-एअर सॅनिटोरियम होतं. त्या काळी क्षयावर औषधच नव्हतं. स्वच्छ हवा, सकस जेवण आणि विश्रांती, एवढंच हाती होतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ साली. तोवर रोग्याने वाट बघायची, दुसरं काय!

पोतोच्निक मात्र व्हिएन्नात पुन्हा इंजिनिअरिंग शिकायला बसले. लग्न केलं नाही, भावाकडे राहायचे. १९२५ च्या सुमारास त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि रॉकेट व अंतराळ या एकाच विषयाला वाहून घेतलं. १९२८ च्या शेवटी बर्लिनहून पुस्तक निघालं: १८८ पानं, १०० आकृत्या. विषय होता अंतराळप्रवासाचा प्रश्न आणि रॉकेट. लेखक म्हणून टोपणनाव छापलं होतं, हेर्मान नोर्डुंग.

तीस मीटरचं चाक

त्यांच्या स्टेशनचे तीन भाग आहेत: राहण्याचं चाक, यंत्रघर आणि वेधशाळा. एकमेकांपासून सुटे, केबल आणि हवेच्या नळ्यांनी जोडलेले. चाकाचा व्यास ३० मीटर. मधोमध मोठा अंतर्गोल आरसा. तो सूर्याची उष्णता गोळा करणार, तिच्यावर वाफ आणि वाफेवर वीज. सोलर पॅनलचा जमाना अजून यायचा होता.

चाक फिरतं कशासाठी? जत्रेतल्या फिरत्या पाळण्यात आपण बाहेरच्या बाजूला दाबले जातो ना, तसंच. चाकाच्या कडेला उभ्या माणसाला ती कड जमिनीसारखी वाटते. १५ मीटर त्रिज्येला पृथ्वीइतकं वजन जाणवायला एका फेरीला साधारण ८ सेकंद लागायला हवेत. मी कॅल्क्युलेटरवर काढलं, ७.८ आलं. म्हणजे त्यांचा आकडा पक्का.

ऑर्बिटरमध्ये हे बसवायला प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. ब्लेंडरमध्ये मीटरच्या मापात मॉडेल करायचं आणि ते मेश फाइलमध्ये काढायचं. मग एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वजन, आकार आणि डॉकिंग पोर्टची जागा व दिशा लिहायची. सिनॅरिओ फाइलमध्ये कक्षा आणि फिरण्याचा वेग. ८ सेकंदांत ३६० अंश, म्हणजे सेकंदाला ४५ अंश. झालं, चाक फिरायला लागतं.

डॉकिंगला मात्र घाम फुटतो. पोर्ट चाकाच्या मध्यावर आहे, पण तेही गरगर फिरतंय! यानालाही तेवढंच फिरवावं लागतं. पोतोच्निक यांनी यावर उपाय काढून ठेवलाय. मधलं हवाबंद दार चाकाच्या उलट दिशेने फिरवायचं, म्हणजे येणाऱ्या माणसाला ते स्थिर दिसेल.

कुठे बरोबर, कुठे नाही

त्यांनी कक्षेची उंची दिली ३५,९०० किलोमीटर. आजचा आकडा ३५,७८६. फरक ११४ किलोमीटर. वाटतो किरकोळ, पण त्यांचाच आकडा घातला तर एका फेरीला जवळपास ६ मिनिटं जास्त लागतात. स्टेशन रोज सुमारे दीड अंश पश्चिमेला सरकतं आणि आठ महिन्यांत पृथ्वीभोवती उलटं फिरून येतं. तरी कॉम्प्युटर नसलेल्या काळात हातानं केलेलं हे गणित, त्यात इतकी थोडी चूक म्हणजे कमालच आहे.

दुसरी अडचण सिम्युलेटर दाखवत नाही. ८ सेकंदांची फेरी म्हणजे मिनिटाला साडेसात फेऱ्या. एवढ्या वेगात मान वळवली तरी बऱ्याच जणांना गरगरतं. शिवाय पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाच्या पायापेक्षा डोक्याला वजन सुमारे १२ टक्के कमी जाणवेल. उपाय म्हणजे चाक मोठं करून हळू फिरवणं. व्हेर्नर फॉन ब्राउन यांनी १९५२ साली मांडलेलं चाक सुमारे ७५ मीटरचं होतं. '२००१: अ स्पेस ओडिसी' या १९६८ च्या सिनेमातलं स्टेशनही त्याच घराण्यातलं.

यातलं काहीच पोतोच्निक यांना बघायला मिळालं नाही. पुस्तक निघालं आणि वर्षही पुरं झालं नाही, तोच २७ ऑगस्ट १९२९ ला व्हिएन्नात न्यूमोनियाने ते गेले. वय ३६. हातात पैसा नव्हता. फुप्फुसं साथ देत नव्हती, त्या दिवसांत हा माणूस दुसऱ्यांसाठी हवेच्या नळ्या आखत होता. त्या नळ्या मॉडेलमध्ये काढताना हात जरा थांबतोच.

भूस्थिर कक्षेतला पहिला उपग्रह गेला १९६४ साली. भारताचा 'अ‍ॅपल' १९८१ साली. स्लोव्हेनियातल्या वितान्ये गावी, जिथे त्यांच्या आईचं घराणं होतं, २०१२ साली चाकाच्या आकाराची एक इमारत उभी राहिली. आत अंतराळाचं केंद्र आहे.

त्यांनी स्टेशनसाठी बर्लिनचा रेखांश निवडला होता. पण पृथ्वीचं विषुववृत्त अगदी गोल नाही. त्यामुळे इंजिनाने जागा धरून ठेवली नाही, तर भूस्थिर कक्षेतली वस्तू हळूहळू सरकते. बर्लिनच्या रेखांशावर ठेवलेली वस्तू पूर्वेकडे सरकून साधारण ७५ अंश पूर्वेच्या दोन्ही बाजूंना झोके घेत राहील. पाचगणीचा रेखांश आहे ७३.८.

म्हणून अ‍ॅड-ऑनमध्ये मी दोन सिनॅरिओ ठेवतोय. एक त्यांचा, बर्लिनचा. दुसरा ७३.८ अंशांचा, मालदीवच्या वर. टेबललँडवरून तो दिसला असता, तर बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून ६९ अंश उंच. चाक आणि यंत्रघर तयार आहे, वेधशाळेचं काम बाकी आहे.