दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (जन्म : त्र्यंबकेश्वर, नाशिक जिल्हा, ३० एप्रिल १८७०, मृत्यू : नाशिक, १६ फेब्रुवारी १९४४) हे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाणारे निर्माते, दिग्दर्शक, पटकथालेखक व तंत्रज्ञ होते. त्यांनी निर्मिलेला 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) हा भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट समजला जातो. हा चित्रपट घडण्यापूर्वी फाळके यांना डोळ्यांचा गंभीर विकार जडला होता आणि काही काळ त्यांची दृष्टी गेली होती. वेळीच मिळालेल्या उपचारांमुळे ती परत आली. ज्या कलेचा सारा व्यवहार डोळ्यांवर चालतो, तिचा भारतातील आरंभ या उपचारांच्या यशावर अवलंबून होता.

पूर्वायुष्य

फाळके यांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. आईचे नाव द्वारकाबाई. वडिलांची मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली, तेव्हा कुटुंब त्र्यंबकेश्वराहून मुंबईस आले. १८८५ मध्ये धुंडिराज सर जमशेदजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले. पुढे १८९० मध्ये ते बडोद्यास गेले. तेथील कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि छपाईच्या निरनिराळ्या प्रक्रिया आत्मसात केल्या.

काही काळ त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला. प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दगावल्याने हा व्यवसाय बंद पडला. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह गिरिजा करंदीकर यांच्याशी झाला. विवाहानंतर त्यांचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. १९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून रुजू झाले. मात्र वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या वातावरणात त्यांनी ही सरकारी नोकरी सोडली. त्यांनी लोणावळ्यास ठसे कोरण्याचा व छपाईचा कारखाना काढला. तो पुढे दादरला हलवून 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावाने चालू लागला. रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. भागीदारांशी मतभेद झाल्याने ते या धंद्यातून बाहेर पडले. या सर्व काळात त्यांनी जादूचे प्रयोगही केले. त्यासाठी आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' हे नाव त्यांनी घेतले होते.

चित्रपटाचा ध्यास

१९११ च्या सुमारास मुंबईतील गिरगाव भागात येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट फाळके यांच्या पाहण्यात आला. राम-कृष्णांच्या कथाही अशाच पडद्यावर यायला हव्यात, या विचाराने त्यांना झपाटले. हातात नोकरी नव्हती आणि धंदाही नव्हता. तरीही त्यांनी चित्रपटविषयक पुस्तके व यंत्रांच्या सूचिपत्रिका जमवल्या आणि घरातच प्रयोग सुरू केले. रोज चार-पाच तास चित्रपट पाहणे, उरलेला वेळ प्रयोगांत घालवणे आणि जेमतेम झोप घेणे, असा क्रम कित्येक महिने चालला. परिचितांपैकी काही जण त्यांना वेडात काढू लागले.

दृष्टिविकार व उपचार

या अविश्रांत श्रमांचा परिणाम डोळ्यांवर झाला. दृष्टी अधू होत गेली आणि अखेर त्यांना दिसेनासे झाले. घरात मुले लहान होती व मिळकत थांबलेली होती. चित्रकार, छायाचित्रकार आणि मुद्रक अशा ज्या कलांवर फाळके यांचे आयुष्य उभे होते, त्यांतील एकही दृष्टीविना शक्य नव्हती. नेत्रवैद्य डॉ. प्रभाकर यांनी त्यांच्यावर उपचार केले. औषधोपचारांबरोबर तीन-चार निरनिराळ्या चष्म्यांचा उपयोग करून त्यांनी फाळके यांना पुन्हा काम करण्याइतकी दृष्टी मिळवून दिली व कायमचे अंधत्व टळले.

त्या वेळी फाळके चाळिशी ओलांडून गेले होते. या वयात जवळचे पाहण्याची शक्ती कमी होऊ लागते. म्हणूनच मराठीत जवळच्या चष्म्याला 'चाळिशी' हे नाव रूढ झाले आहे. चष्म्याने सुधारणारा दृष्टिदोष आणि नेत्रनाडीच्या ऱ्हासाने येणारे अंधत्व यांत मूलभूत फरक आहे. डोळ्यात उमटलेली प्रतिमा मेंदूपर्यंत पोहोचवण्याचे काम नेत्रनाडी करते. काचबिंदूत या नाडीचे तंतू हळूहळू मरतात आणि पुष्कळदा त्यामागे डोळ्यातील वाढलेला दाब असतो. हे तंतू पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे गेलेली दृष्टी चष्म्याने, औषधाने किंवा शस्त्रक्रियेने परत मिळत नाही, फक्त उरलेली राखता येते. आरंभी कडेची दृष्टी जाते आणि समोरचे स्पष्ट दिसत राहते. म्हणून रोग्याला ते लवकर उमगत नाही. घाना, नायजेरिया आदी पश्चिम आफ्रिकी देशांत आणि तेथून गेलेल्या लोकांच्या कॅरिबियन बेटांवरील वंशजांत हा विकार अधिक प्रमाणात आणि तुलनेने कमी वयात आढळतो. भारतात अंधत्वाचे प्रमुख कारण मोतीबिंदू हे राहिले आहे. तो शस्त्रक्रियेने दूर होतो. फाळके यांची दृष्टी परत आली, यावरून त्यांची नेत्रनाडी मोठ्या प्रमाणावर निकामी झालेली नव्हती, एवढे म्हणता येते.

लंडनचा प्रवास

दृष्टी परतल्यानंतर फाळके यांनी ध्यास सोडला नाही. आपले १२,००० रुपयांचे विमापत्र यशवंतराव नाडकर्णी यांच्याकडे गहाण ठेवून त्यांनी १०,००० रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना धंद्यातील धोके समजावून सांगितले. फाळके यांचा निश्चय ढळत नाही असे पाहून त्यांनीच त्यांची निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत फाळके यांनी चित्रीकरणाची कार्यपद्धती पाहिली. विल्यमसन कॅमेरा ५० पौंडांना खरेदी करून १ एप्रिल १९१२ रोजी ते मायदेशी परतले.

भांडवलदारांना खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत त्याची वाढ चित्रित केली. महिनाभराची ही वाढ पडद्यावर पाहता पाहता पूर्ण होत असे. 'अंकुराची वाढ' या नावाने हा लघुपट ओळखला जातो.

राजा हरिश्चंद्र

चित्रपटासाठी दादर येथील राहत्या जागेतच स्टुडिओ उभारण्यात आला. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दामोदर दाबके यांनी केली. स्त्रिया चित्रपटात काम करावयास तयार नसल्याने तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांना देण्यात आली. रोहिदासाच्या भूमिकेत फाळके यांचा मुलगा भालचंद्र होता. सरस्वतीबाई संपूर्ण संचाचा स्वयंपाक करीत, चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत आणि रात्री कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, फिल्म धुणे ही कामे करीत. त्यांचे दागिनेही या उद्योगापायी गहाण पडले. अंधारात करावयाच्या या बारीक कामांत त्यांचा हात नसता, तर हा सारा भार फाळके यांच्या डोळ्यांवर पडला असता.

२१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया नाट्यगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात चित्रपट लोकांसमोर आला आणि त्यास उत्तम प्रतिसाद मिळाला.

नाशिक पर्व

या यशानंतर फाळके यांनी १९१३ मध्येच आपला उद्योग नाशिकला हलवला. 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या. भारतीय चित्रपटात प्रथमच स्त्रिया दिसल्या, त्या या चित्रपटात. 'लंकादहन' (१९१७) या चित्रपटात साळुंके यांनी राम व सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. १९१८ मध्ये भागीदारांसह नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) हे तिचे गाजलेले चित्रपट होत. 'कालियामर्दन' मध्ये बालकृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली होती. भागीदारांशी न पटल्याने फाळके काही काळ काशीस जाऊन राहिले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. पुढे ते कंपनीत परतले.

बोलपटांच्या आगमनाने मूकपटांचा काळ संपला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांनी बोलपट म्हणूनच निर्माण केलेला एकमेव चित्रपट ठरला. उत्तरायुष्य त्यांनी नाशिकला हलाखीत आणि बऱ्याच अंशी विस्मृतीत काढले. तेथेच त्यांचे निधन झाले.

स्मृती

भारत सरकारने १९६९ पासून त्यांच्या नावे चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार देविका राणी यांना मिळाला. १९७१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढण्यात आले. मुंबईच्या गोरेगाव येथील चित्रनगरीस त्यांचे नाव असून, नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या निर्मितीची कथा परेश मोकाशी दिग्दर्शित 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या मराठी चित्रपटात मांडली आहे.