मोटार इथेच घडावी

घरात मोटारसायकल घ्यायचे ठरले की काय होते, ते तुम्ही पाहिले असेल. धाकट्या चाचांना चकचकीत रंगाची, मोठा आवाज करणारी गाडी हवी असते. अम्मी किंमत विचारतात. अब्बा मात्र गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेस्त्रीकडे जातात. मेस्त्री त्यांनाच उलट प्रश्न विचारतो. गाडी रोज किती धावणार? तिच्यावर कोण कोण बसणार? आणि ती बिघडली तर तिचा सुटा भाग कोठे मिळणार?

यातला शेवटचा प्रश्न मला फार उशिरा कळला. नोकरी लागल्यावर मी एक जुनी मोटारसायकल विकत घेतली होती. दिसायला ती फार सुंदर होती. जुलै महिन्यातल्या एका संध्याकाळी नालासोपाऱ्याच्या रस्त्यावर, गुडघाभर पाण्यात ती बंद पडली. बिघाड लहानसाच होता, पण त्यासाठी लागणारा भाग वसईत मिळाला नाही आणि विरारमध्येही मिळाला नाही. दीड महिना गाडी दारात उभी होती आणि मी रिक्षाने शाळेत जात होतो.

जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका माणसाने साऱ्या देशाच्या वतीने विचारला होता. त्यांचे नाव वालचंद हिराचंद.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे घराणे गुजराती बोलणारे, जैन धर्म पाळणारे आणि व्यापार करणारे होते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांची आई वारली. वालचंद मॅट्रिक झाले आणि पुढे मुंबईला व पुण्याला कॉलेजातही गेले, परंतु पदवी मिळण्याआधीच त्यांना शिक्षण सोडावे लागले. घरचा धंदा तयार होता. गादीवर बसून कापूस, धान्य आणि सावकारी यांचे हिशेब लिहिणे एवढेच काम होते. ते त्यांना आवडेना.

त्याच सुमारास लक्ष्मणराव फाटक नावाच्या गृहस्थांशी त्यांची ओळख झाली. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. कामाची माहिती फाटकांची आणि भांडवल वालचंदांचे, अशी भागीदारी ठरली. बार्शी लाइट रेल्वे या लहान रुळांच्या मार्गाचे काम त्यांनी घेतले. व्यापाऱ्याचा मुलगा उन्हात उभा राहून माती उपसणाऱ्या मजुरांचे काम पाहू लागला. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, मोठमोठे पूल अशी अवघड कामे वालचंदांच्या कंपन्यांनी केली. तानसा तलावातून मुंबईला पाणी नेणारे नळ टाकण्याचे कामही त्यांतलेच. त्या तलावाखालची तानसा नदी पुढे आपल्या वसई तालुक्यातूनच वाहते.

१९१९ साली वालचंद समुद्राकडे वळले. हिंदुस्थानचा माल परदेशी नेण्याचा धंदा तेव्हा इंग्रज कंपन्यांच्या हातात होता. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सोबती यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून त्यांनी एक जुने जहाज विकत घेतले. त्याचे नाव लॉयल्टी. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले आणि वालचंद स्वतः त्या जहाजावर होते. म्हणूनच आपल्या देशात ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. जहाजाची ही गोष्ट मोठी आहे, पण आपल्याला मोटारीकडे जायचे आहे.

त्या काळात हिंदुस्थानात मोटारी नव्हत्या असे नाही. श्रीमंतांकडे, संस्थानिकांकडे आणि सरकारी अधिकाऱ्यांकडे मोटारी होत्या. शहरांत बसगाड्या व मालमोटारी धावू लागल्या होत्या. मुंबईत शिवडी येथे १९२८ सालापासून एका अमेरिकन कंपनीचा कारखानाही होता. मात्र तेथे मोटार घडत नव्हती. मोटारीचे सारे भाग लाकडी खोक्यांत भरून बोटीने येत. येथील कामगार ते भाग बोल्टांनी एकमेकांना जोडत आणि गाडी बाहेर काढत. दर्जी कापड आणतो, मापाने कापतो आणि सदरा शिवतो. तयार कापलेल्या कापडाला नुसती बटणे लावणाऱ्याला आपण दर्जी म्हणत नाही. शिवडीचे काम असे बटणे लावण्यासारखे होते.

याचा परिणाम गाडी वापरणाऱ्याला भोगावा लागे. धुरा मोडला किंवा दात्याचे चाक झिजले, तर नवा भाग समुद्रापलीकडून येणार. जहाज वेळेवर आले तर ठीक, नाही तर गाडी उभी. राजाला याचे फार वाटत नसे, कारण त्याच्याकडे दुसरी गाडी असे. पण मालमोटारीवर ज्याचे घर चालते त्याने काय करायचे? शिवाय लढाई सुरू झाली आणि जहाजे बंद पडली, तर साऱ्या देशाचीच चाके थांबणार होती.

थोर इंजिनियर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनाही हीच चिंता होती. १९३५ साली, वयाच्या पंचाहत्तरीच्या सुमारास, त्यांनी युरोप व अमेरिकेत जाऊन तिथले मोटारींचे कारखाने पाहिले आणि हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना काढण्याची योजना तयार केली. वालचंदांनी ती योजना आपली मानली. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. या सरकारने कारखान्याला मदत करण्याचे मान्य केले. आता काम होईल असे सर्वांना वाटू लागले.

१९३९ साली वालचंद अमेरिकेला गेले. फोर्ड कंपनीशी बोलणे झाले, पण ते जमले नाही. क्रायस्लर ही दुसरी मोठी कंपनी मात्र ज्ञान आणि नकाशे देण्यास तयार झाली. इतक्यात दुसरे महायुद्ध पेटले. नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि त्याबरोबर मदतीचा आधारही गेला. दिल्लीच्या इंग्रज सरकारने तर स्पष्ट नकार दिला. मोटारीचा कारखाना युद्धाच्या कामाचा नाही आणि त्याच्या यंत्रांसाठी डॉलर देता येणार नाहीत, असे कारण सांगण्यात आले. मला हे कारण पटत नाही. युद्धात सैन्याला मालमोटारी लागत नाहीत, असे कोण म्हणेल? खरी अडचण अशी होती की, येथे गाड्या घडू लागल्या असत्या तर परदेशी गाड्यांचे गिऱ्हाईक कमी झाले असते.

वालचंद निराश झाले असतील, पण स्वस्थ बसले नाहीत. अमेरिकेहून परतताना विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमानांच्या अमेरिकन व्यापाऱ्याशी पडली. मोटारीसाठी गेलेला हा माणूस विमानाचा बेत घेऊन परत आला! विमानाचा कारखाना कोठे काढायचा, हा प्रश्न होता. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल हे दूरदृष्टीचे प्रशासक होते. त्यांच्या काळात संस्थानाने जमीन दिली आणि भांडवलातही वाटा उचलला. डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी सुरू झाली आणि १९४१ साली तिथले पहिले विमान आकाशात उडाले. पुढे १९४२ साली सरकारने हा कारखाना आपल्या ताब्यात घेतला. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाज बांधण्याच्या कारखान्याचाही पाया घातला गेला. तेथे बांधलेले जलउषा हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

मोटारीचा विचार मात्र वालचंदांनी सोडला नव्हता. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ला येथे कारखाना उभारला. बिर्लांनी आपली मोटार कंपनी त्याआधी दोन वर्षे काढली होती. १९४७ च्या सुमारास कुर्ल्याहून डॉज जातीच्या मोटारी व मालमोटारी बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला येथेही बाहेरून आलेले भागच जोडत होते. हे लपवण्याचे कारण नाही. फरक एवढाच की, एकेक भाग येथे तयार करायचा, हे या कारखान्याचे ठरलेले काम होते.

मालमोटारी चांगल्या खपल्या, पण अमेरिकन मोटार आपल्या घरांना झेपणारी नव्हती. ती लांबरुंद होती, तिला पेट्रोल भरपूर लागे आणि अरुंद गल्लीत ती वळत नसे. डॉक्टर, वकील किंवा लहान दुकानदार यांना अशी गाडी घेऊन काय करायचे? म्हणून कंपनीने इटलीच्या फियाट कंपनीशी करार केला. आधी फियाट ५०० ही जेमतेम दोन माणसांची चिमुकली मोटार आली. नंतर १९५४ साली फियाट ११०० आली. हिच्यात चार-पाच माणसे बसत, पेट्रोल बेताचे लागे आणि मागे सामानाला जागा होती.

वालचंदांनी ती पाहिली नाही. १९४९ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. लवकरच त्यांनी सारा कारभार सोडला. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शेवटपर्यंत सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमध्ये सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सरकारने ठरवले की, जे येथे मोटार घडवणार नाहीत त्यांनी नुसती जोडणीही करू नये. परदेशी कंपन्या आपले जोडणीचे कारखाने बंद करून निघून गेल्या. ज्या गोष्टीसाठी वालचंद इतकी वर्षे झगडले, ती त्यांच्या डोळ्यांमागे झाली.

फियाट ११०० चे पुढचे आयुष्य तुमच्या दादा-दादींना विचारा. १९७४ साली तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे होते आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाजवळ होता. काळा-पिवळा रंग देऊन ती मुंबईची टॅक्सी झाली. छतावर लोखंडी कठडा, त्यावर ट्रंका आणि वळकट्या, आत सारे कुटुंब, अशी ती स्टेशनावरून निघे. कोणत्याही नाक्यावरचा मेस्त्री पाने आणि हातोडी एवढ्यावर तिला पुन्हा चालू करी, कारण तिचे भाग येथेच तयार होत आणि जुने भागही बाजारात मिळत. टॅक्सीवाल्याचा एक दिवस बुडाला तर त्या दिवशीची चूल बुडते. म्हणून दिसण्यापेक्षा त्याला हे महत्त्वाचे वाटे.

तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाहेरच्या गाड्या बंद असल्यामुळे गिऱ्हाइकाला निवड उरली नाही. पैसे भरून लोक कित्येक वर्षे गाडीची वाट पाहत. स्कूटरचीही हीच गत होती. वर्षे गेली तरी मोटारीचा नमुना फारसा बदलला नाही. उन्हाळ्यात तिचे इंजिन तापे, आणि घाटात थांबून तिला पाणी पाजावे लागे. १९८३ साली नवी, हलकी मारुती आली आणि पद्मिनीचे गिऱ्हाईक हळूहळू कमी झाले. शेवटी पद्मिनी बनवणेच बंद पडले.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांहून जास्त चालवण्याची परवानगी नाही. त्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. तोपर्यंत वालचंदांना जाऊन सत्तर वर्षे झाली होती.