गुळगुळीत पत्रा आणि न थांबणारे मन

विमानात पंखाजवळची खिडकी मिळाली, तर पंखाकडे जरा निरखून पाहा. अनेक विमानांच्या पत्र्यावर बारीक गोल ठिपक्यांच्या सरळ रांगा दिसतात. ते रिव्हेट. पत्र्याचे तुकडे एकमेकांना आणि आतल्या सांगाड्याला धरून ठेवणारे हे छोटे खिळे. त्यांची डोकी पत्र्याच्या वर आलेली नसतात, कारण डोके जरा जरी वर राहिले तरी वाऱ्याला अडथळा होतो आणि वेग घटतो. या बारीकशा गोष्टीचा ध्यास घेणाऱ्यांत हॉवर्ड ह्यूज यांचे नाव मोठे आहे. त्यांची गोष्ट मात्र विमानापाशी संपत नाही.

ह्यूज यांचा जन्म १९०५ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात झाला. वडिलांनी तेलविहिरी खोदण्याच्या यंत्राचे खास पाते तयार करून अमाप पैसा मिळवला होता. आई मुलाच्या तब्येतीविषयी कमालीची धास्तावलेली असे. त्या काळी पोलिओच्या साथी येत, आणि मुलाला कुठून तरी जंतू लागतील ही भीती घरात कायम होती. १९२२ मध्ये आई गेली, १९२४ मध्ये वडील गेले. अठराव्या वर्षी ह्यूज पोरके झाले आणि श्रीमंतही. त्यातच त्यांना हळूहळू कमी ऐकू येऊ लागले होते.

सिनेमात नाव कमावल्यावर त्यांनी कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे मोजक्या माणसांना हाताशी धरून स्वतःच्या पैशाने एक विमान बांधायला घेतले. त्याचे नाव एच-१. पंख लाकडी आणि मधले धड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. धडाचे पत्रे एकावर एक न चढवता कडेला कड भिडवून बसवले होते आणि रिव्हेटची डोकी पत्र्याशी सपाट केली होती. पंखांवरच्या स्क्रूच्या खाचासुद्धा वाऱ्याच्या दिशेने जुळवल्या होत्या, असे सांगतात.

हे काम दिसते तेवढे सोपे नाही. विमानाचा पत्रा बहुधा एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो, आणि रिव्हेटच्या चपट्या डोक्याची जाडीही जवळपास तेवढीच. डोके बसावे म्हणून एवढ्या पातळ पत्र्यात ड्रिलने खोलगट जागा कोरली, तर भोकाची कड सुरीसारखी धारदार होते, भोक मोठे होते आणि रिव्हेटची पकड सैल पडते. म्हणून पातळ पत्रा कोरत नाहीत, तर साच्यात दाबून भोकाभोवती खळी पाडतात, गालावर पडते तशी. वरच्या पत्र्याची खळी खालच्या पत्र्याच्या खळीत जाऊन बसते आणि जोड उलट अधिक मजबूत होतो. मग एकाने बाहेरून हवेच्या हातोडीने ठोकायचे आणि दुसऱ्याने आतून पोलादाचा जड ठोकळा रिव्हेटच्या शेपटाला लावून धरायचा. शेपूट चेपून पसरते आणि तिथे दुसरे डोके तयार होते. घरी विमान बांधणारे हौशी लोक आजही हे असेच करतात, एका विमानात हजारो वेळा.

या कामाला माप असते, हे इथे लक्षात ठेवायला हवे. चेपलेल्या शेपटाची रुंदी रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट आणि उंची निम्मी झाली, की काम झाले. मापपट्टी लावायची, पाहायचे आणि पुढच्या भोकाकडे वळायचे. त्याहून जास्त ठोकले तर रिव्हेट बिघडतो.

१३ सप्टेंबर १९३५ रोजी एच-१ ने ताशी सुमारे ५६७ किलोमीटर वेग गाठून जमिनीवरून उडणाऱ्या विमानांचा जागतिक विक्रम केला. इंधन संपून ह्यूज यांना बीटच्या शेतात उतरावे लागले, पण त्यांना काही झाले नाही. १९३८ मध्ये त्यांनी चार साथीदारांसह चार दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली.

७ जुलै १९४६ रोजी नशिबाने साथ सोडली. चाचणीचे विमान बेव्हर्ली हिल्स येथील घरांवर कोसळले. छाती चेपली, बरगड्या मोडल्या, अंग भाजले. वेदना शमवण्यासाठी मॉर्फिन आणि नंतर कोडीन दिले गेले. कोडीन पुढे कधीच सुटले नाही.

जंतूंची जुनी भीतीही वाढत गेली. वस्तू कागदी रुमालात गुंडाळून द्यायच्या, फळांचा डबा कोणत्या क्रमाने धुवायचा आणि उघडायचा, याच्या लेखी सूचना नोकरांना दिल्या जात. १९६६ पासून चार वर्षे ते लास वेगासच्या एका हॉटेलात पडदे लावून राहिले. गंमत म्हणजे ते स्वतः मात्र अस्वच्छ असत, केस आणि नखे वाढलेली. यालाच आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत ओसीडी. हा आजार स्वच्छतेच्या आवडीचा नव्हे. मनात घुसलेली भीती तात्पुरती शमवण्यासाठी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि आता पुरे असे सांगणारी मापपट्टी मनाला सापडत नाही. ह्यूज यांना हाच आजार असावा, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे.

५ एप्रिल १९७६ रोजी, सत्तराव्या वर्षी, मेक्सिकोहून ह्यूस्टनला नेताना विमानातच त्यांचा मृत्यू झाला. मूत्रपिंडे निकामी झाली होती. सहा फुटांहून उंच असलेल्या या माणसाचे वजन जेमतेम ४२ किलो भरले. क्ष-किरण चित्रात दंडात मोडून राहिलेल्या सुयांचे तुकडे दिसले. ज्यांनी १९५३ मध्ये मोठी वैद्यकीय संशोधन संस्था स्थापन केली, त्यांच्यावर वेळेवर योग्य उपचार झाले नाहीत. भोवतालचे लोक पगारी होते. ते हुकूम पाळत राहिले.

हुकूम पाळत राहणे, हीच चूक अनेक घरांत मायेपोटी होते. घरचे माणूस दहा वेळा कुलूप तपासायला लावते, आपण तपासतो. त्याने क्षणभर बरे वाटते, पण आजार घट्ट होतो. असल्या विचारांत आणि कृतींत रोज तासाभराहून जास्त वेळ जात असेल, काम किंवा झोप बिघडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. भीतीला थोडे थोडे सामोरे जायचे आणि ती कृती मात्र करायची नाही, असा सराव करून घेणारी उपचारपद्धती आहे, औषधेही आहेत. बहुतेकांना त्याने आराम पडतो.

एच-१ आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याचा पत्रा अजूनही गुळगुळीत आहे.